म्हशी गेल्या, गवत आले : भरतपूरचा धडा

अन्नजाळे शिकवताना आपण फळ्यावर गवत, टोळ, बेडूक, साप, ससाणा अशी नावे लिहितो आणि त्यांच्यामध्ये बाण काढतो. या चित्रात माणूस बहुधा नसतो. असलाच तर एका कोपऱ्यात, हातात कुऱ्हाड किंवा बंदूक घेऊन. माणूस आणि त्याची गुरे हा निसर्गाला बाहेरून होणारा उपद्रव आहे, तो दूर केला की निसर्ग आपोआप सावरतो, असा समज या चित्रातून मुलांच्या मनात नकळत रुजतो. हा समज मोठमोठ्या जाणकारांच्या मनातही होता. राजस्थानातील भरतपूर येथे १९८२ साली त्याची कसोटी लागली. त्या कसोटीची किंमत कोणी मोजली, तिच्यातून काय कळले आणि कळल्यावर काय झाले, याचा इतिहास प्रत्येक विज्ञानशिक्षकाला माहीत असावा असा आहे.

माणसाने घडवलेली पाणथळ

भरतपूर हे आग्र्याच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले जुन्या जाट संस्थानाच्या राजधानीचे शहर. शहराला लागूनच केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. आतल्या शिवमंदिरावरून 'केवलादेव' आणि दाट झाडीवरून 'घना' अशी त्याची दोन्ही नावे प्रचारात आहेत. क्षेत्रफळ अवघे २९ चौरस किलोमीटर. त्यातला साधारण एक तृतीयांश भाग पावसाळ्यानंतर उथळ पाण्याखाली असतो, उरलेला भाग गवताळ आणि झुडपी. एवढ्याशा जागेत पक्ष्यांच्या साडेतीनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. पावसाळ्यात चित्रबलाक, पाणकावळे, बगळे, उघड्या चोचीचे करकोचे बाभळींवर दाटीवाटीने घरटी करतात आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व हंस हजारोंनी येतात.

हे सारे पाहून कोणालाही वाटेल की ही निसर्गाची देणगी आहे. प्रत्यक्षात ही पाणथळ माणसाने घडवलेली आहे. मुळात येथे एक नैसर्गिक खोलगट भाग होता. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पाण्यासाठी अजान बांध घातला गेला आणि त्याचे पाणी या खोलगटीत येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने येथे छोटे बंधारे, पाट आणि पाण्याला आवर घालणारी दारे बांधून अनेक उथळ तळी तयार केली. हेतू पक्षिरक्षणाचा नव्हता. इंग्लंडमधल्यासारखी बदकांची शिकार येथे करता यावी, हा होता.

१९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत या शिकारखान्याचे उद्घाटन झाले. पुढची साठ वर्षे येथे मोठमोठ्या शिकारी झाल्या. कोणत्या दिवशी कोणाच्या सन्मानार्थ किती पक्षी मारले, याच्या नोंदी उद्यानातल्या दगडी फलकांवर आजही वाचता येतात. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. तरीही पुढच्या हिवाळ्यात पक्षी परत येत, कारण पाणी आणि अन्न शाबूत होते.

या साऱ्या काळात भोवतालच्या अघापूर, घसोला यांसारख्या गावांतली गुरे येथे चरत होती. दुष्काळी भागात उन्हाळ्यापर्यंत हिरवे राहणारे कुरण म्हणजे गावाची मोठी ठेव. गावकरी येथून वैरण नेत, सरपण नेत, बोरे आणि खस गोळा करीत. म्हशी गळ्याएवढ्या पाण्यात शिरून तिथले गवत खात आणि तिथेच डुंबत. म्हणजे पाणी, पक्षी आणि म्हशी हे तिघे येथे सुमारे अडीचशे वर्षे एकत्र नांदत होते. ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. कदाचित म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

सलीम अलींचा पहिला आग्रह

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि घनाचे काय करायचे हा प्रश्न निघाला. एवढी पाणभरली जमीन राजाच्या शिकारीसाठी कशाला ठेवायची, ती कोरडी करून शेतकऱ्यांना द्यावी आणि पाणी शेतीला वळवावे, अशी मागणी जोर धरू लागली. मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. पण तसे झाले असते तर भरतपूरचे पक्षी तेव्हाच संपले असते.

हे होऊ नये म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत डॉ. सलीम अली प्रमुख होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी त्यांचे नाते जन्मभराचे. त्यांनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत हा विषय नेला. १९५६ साली घनाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत टिकला. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८१ साली रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून भरतपूरची नोंद झाली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला.

अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार नव्हता. १९७२ च्या कायद्याप्रमाणे अभयारण्यात काही अटींवर चराई चालू शकते. राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरांना प्रवेशच नाही. या तरतुदीमागे जी कल्पना होती ती अमेरिकेतून आलेली. १८७२ साली तेथे यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हापासून 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' हे अशा उद्यानांचे आदर्श चित्र ठरले. ते चित्र आपण माणसाच्याच हातांनी बांधलेल्या तळ्याला लावले.

नोव्हेंबर १९८२

तेव्हा उद्यानात सुमारे अडीच हजार म्हशी व इतर गुरे चरत असत. ती गवत तुडवतात, घरटी करणाऱ्या पक्ष्यांना त्रास होतो, झाडांची रोपे वाढू देत नाहीत, असे वन्यजीव क्षेत्रातल्या जाणकारांचे मत होते. सलीम अलींचेही मत चराई थांबावी असेच होते. त्याआधीच्या काही वर्षांत उद्यानाभोवती भिंतही घालण्यात आली होती.

नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. पावसाळा संपून शेतातला चारा कमी होऊ लागण्याचे हे दिवस. गुरांसाठी दुसरी सोय केलेली नव्हती. दुभत्या म्हशीवर ज्या घराचा हातखर्च चालतो, त्या घराला एक दिवसात कुरण बंद झाले. गावकऱ्यांनी विरोध केला, संघर्ष झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात गावकरी मृत्युमुखी पडले. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळा आहे. पक्ष्यांच्या संख्येचा काटेकोर हिशोब ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या नोंदींत माणसांच्या मृत्यूबाबत एकवाक्यता असू नये, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

बंदी मागे घेतली गेली नाही. गुरे बाहेर राहिली. आता पक्ष्यांचे दिवस येणार, अशी अपेक्षा होती.

दहा वर्षांच्या नोंदी

सुदैवाने, या घटनेच्या दोन वर्षे आधी, १९८० मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भरतपूरच्या परिसंस्थेचा दीर्घ अभ्यास हाती घेतला होता. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचे त्याला आर्थिक साहाय्य होते आणि त्याचे नेतृत्व डॉ. व्ही. एस. विजयन यांच्याकडे होते. पाण्याची पातळी, पाणवनस्पती, मासे, पक्षी यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. त्यामुळे बंदीपूर्वीची आणि बंदीनंतरची स्थिती ताडून पाहण्याची संधी मिळाली.

१९९१ साली अहवाल आला तेव्हा निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होता. चराई थांबल्यावर पाणथळीचे भले होण्याऐवजी नुकसान झाले होते.

नेमके काय घडले? पास्पॅलम डिस्टिकम नावाचे एक गवत या पाणथळीत असते. आपल्याकडच्या हरळीसारखे ते आडवे पसरते, पेराला पेराला मुळे फोडते. फरक इतकाच की ते ओल्या चिखलातही वाढते आणि उथळ पाण्यावरही तरंगता गालिचा करते. पूर्वी म्हशी हे गवत दररोज टनावारी खाऊन टाकत. म्हशी गेल्यावर त्याला आवर घालणारे कोणी उरले नाही. तळ्यांचे मोकळे पाणी त्याने झपाट्याने व्यापले.

मोकळे पाणी आक्रसले की पुढच्या गोष्टी एकामागून एक होतात. गालिच्याखाली प्रकाश पोहोचत नाही, म्हणून पाण्यातल्या इतर वनस्पती दबतात. मेलेले गवत कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरते. माशांना त्याचा फटका बसतो. बुडी मारून मासे पकडणाऱ्या पाणकावळ्यांना आणि मोकळ्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना जागा कमी पडते. दरवर्षी साठणाऱ्या काडीकचऱ्याने तळेही थोडे थोडे उथळ होत जाते.

जीवशास्त्राच्या भाषेत याला अनुक्रमण म्हणतात. उथळ तळे मोकळे सोडले तर त्याचा ओघ दलदलीकडे, मग कुरणाकडे आणि शेवटी झाडीकडे असतो. तळे तळेच राहावे असे वाटत असेल तर काहीतरी सतत त्या ओघाला अडवत राहिले पाहिजे. भरतपुरात ते काम म्हैस करीत होती. म्हैस या परिसंस्थेचा एक चालता घटक होती. फळ्यावरच्या चित्रात तिचा बाण काढायचा राहून गेला होता.

अहवालाने मर्यादित प्रमाणात म्हशींना चरू द्यावे असे सुचवले. ज्या संस्थेच्या धुरीणांनी चराईबंदीचा आग्रह धरला होता, त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या मोजणीच्या आधारे तो आग्रह चुकीचा ठरवला, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. सलीम अली १९८७ मध्ये वारले, म्हणून अंतिम अहवाल त्यांच्या हाती आला नाही. पण अभ्यास ज्या परंपरेत झाला ती त्यांचीच. डॉ. माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनातून भरतपूरचे हे उदाहरण अनेकदा मांडले, त्यामुळे ते देशभर चर्चेत राहिले.

क्रौंच का आले नाहीत?

भरतपूरची ख्याती ज्या पक्ष्यामुळे जगभर झाली तो म्हणजे सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, माणसाच्या छातीइतका उंच. पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तानमार्गे पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून तो भरतपूरला हिवाळा काढायला येत असे. १९६० च्या दशकाच्या मध्यास येथे सुमारे दोनशे क्रौंच येत. १९९२-९३ मध्ये पाच आले. पुढची काही वर्षे एकही नाही, मग पुन्हा काही मोजके, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी. त्यानंतर भरतपूरला क्रौंच आलेला नाही.

म्हशींच्या बंदीमुळेच क्रौंच गेले, असे विधान कधीकधी वाचायला मिळते. हा पक्षी उथळ पाण्यातल्या चिखलातून नागरमोथ्यासारख्या लव्हाळ्यांचे कंद उकरून खातो. वर गवताची जाड चटई असली तर चोच कंदापर्यंत पोहोचणे कठीण होते, हे खरे. पण आकड्यांकडे पुन्हा पाहावे. क्रौंचांची घट १९८२ च्या बरीच आधी सुरू झाली होती. त्यांच्या मार्गावर अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात शिकार होत होती आणि त्या भागात दीर्घकाळ युद्धही चालले. त्यामुळे घटीचे मुख्य कारण प्रवासमार्गावरची शिकार असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. 'गुरे वाईट' या समजाची चूक दाखवताना 'बंदीने सारे बिघडले' अशी दुसरी घाई करणेही तितकेच चुकीचे. गवताच्या बाबतीत कार्यकारण स्पष्ट आहे. क्रौंचांच्या बाबतीत ते गुंतागुंतीचे आहे.

कळल्यावर काय झाले?

चूक कळली, तरी ती सुधारणे सोपे नव्हते. उद्यानात गुरे येऊ शकत नाहीत, असे कायदा म्हणतो. तो बदलल्याशिवाय किंवा उद्यानाचा दर्जा उतरवल्याशिवाय म्हशींना परत आणता येईना. मधला मार्ग म्हणून गावकऱ्यांना आत येऊन हाताने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. वैरणीचा प्रश्न त्याने थोडा हलका झाला. पण विळा गळ्याएवढ्या पाण्यात म्हशीसारखा चालत नाही आणि कापणाऱ्याचा दिवस त्यात जातो तो वेगळाच.

२००७ च्या सुमारास मात्र एक वेगळा प्रयोग झाला. उद्यानाच्या कोरड्या भागात आणि तळ्यांच्या कडांना वेडी बाभूळ माजली होती. ही मुळात अमेरिका खंडातली, जळणासाठी आपल्याकडे आणलेली झुडपी जात. ती काढायला वनखात्याने गावागावांच्या परिसर-विकास समित्यांची मदत घेतली. गावकऱ्यांनी बाभूळ मुळासकट खणायची आणि लाकूड त्यांनीच न्यायचे, असा हा व्यवहार. सरपण गावाला मिळाले, मोकळी जागा उद्यानाला मिळाली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गावांशी संघर्ष झाला होता, त्याच गावांच्या हातांनी उद्यान स्वच्छ झाले.

व्यवसायांची बाजूही पाहिली पाहिजे. दिल्ली, आग्रा आणि जयपूर यांच्या मध्ये असल्याने भरतपूरला पर्यटक भरपूर येतात. उद्यानात सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना वनखात्याने पक्ष्यांची ओळख करून देण्याचे शिक्षण दिले. त्यांतले अनेक जण नावाजलेले वाटाडे झाले. पक्षी टिकले तर आपली भाकरी टिकेल, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. रस्त्यालगतच्या हॉटेलांचेही तसेच. पण हॉटेलचा मालक आणि कुरण गमावलेला म्हसवाला हे एक नव्हेत. पर्यटनाने 'स्थानिक लोकांचा फायदा झाला' असे म्हणताना कोणत्या स्थानिकांचा, हे विचारायला हवे. एकाच्या पदरात लाभ आणि दुसऱ्याच्या माथी भार असेल, तर बेरीज कागदावर जुळते, गावात जुळत नाही.

पाणी कोणाचे?

भरतपूरचा अलीकडचा संघर्ष गवताचा नसून पाण्याचा आहे. गंभीर नदीवर वरच्या बाजूला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले. ते भरल्याखेरीज खाली पाणी येईना. २००२ च्या दुष्काळानंतर प्रश्न तीव्र झाला. धरणाचे पाणी पक्ष्यांसाठी सोडायला वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. आपले पीक वाळत असताना पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या बदकांसाठी पाणी का सोडायचे, हा त्यांचा सवाल होता. काही वर्षे उद्यानाची तळी जवळजवळ कोरडी राहिली आणि जागतिक वारशाचा दर्जा धोक्यात येतो की काय, अशी चर्चा सुरू झाली. शेवटी दुसरीकडून पाणी आणण्याचा मार्ग निघाला. २०१२ च्या सुमारास गोवर्धन नाल्यातून नळवाहिनीने पाणी येऊ लागले.

येथे कोणी खलनायक नाही. १९५० च्या दशकातल्या त्या मागणीसारखीच ही मागणी होती. उत्तर मात्र वेगळ्या रीतीने शोधले गेले. कोणाला गोळी घालावी लागली नाही, पाण्याचा दुसरा स्रोत शोधावा लागला. त्याला पैसा लागला, वेळ लागला आणि मधल्या काळात पक्ष्यांनाही सोसावे लागले.

आपल्या जवळचे उदाहरण

असाच पेच महाराष्ट्रातही आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सारेच आले. जमिनीचे व्यवहार आणि विकासकामे अडू लागली, तेव्हा माळढोक हा शब्द अनेक शेतकऱ्यांना अडचणीचा वाटू लागला. २०११-१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. पण तोवर माळढोक दुर्मीळ झाला होता. अडीचशे वर्षांच्या सहवासाकडे न पाहता भरतपुरात भिंत घातली गेली. येथे नकाशावर एवढी मोठी रेघ ओढली गेली की आतल्या माणसांना ती आपली वाटलीच नाही. दोन्हीकडे निर्णयाआधी मोजायचे आणि विचारायचे राहिले.

भरतपूरच्या इतिहासातून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सलीम अलींचा १९५० च्या दशकातला आग्रह बरोबर ठरला. चराईबद्दलचा त्यांचा आग्रह चुकीचा ठरला. माणूस तोच, तळमळ तीच, अनुभवही दांडगा. तरीही कोणता आग्रह बरोबर आणि कोणता चूक, हे केवळ तळमळीवरून सांगता आले नाही. त्यासाठी दहा वर्षे मोजणी करावी लागली. चराई आधी एका तुकड्यावर थांबवून, दुसऱ्यावर चालू ठेवून, तीन-चार वर्षे फरक पाहिला असता, तर हेच उत्तर फार कमी किमतीत मिळाले असते. प्रयोगशाळेत आपण चुकलो तर एखादे चंचुपात्र फुटते. येथे चुकीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना प्रयोगाबद्दल कोणी विचारलेही नव्हते.

हा प्रयोग शाळेत लहान प्रमाणावर करता येईल. मैदानाच्या किंवा गावच्या गायरानाच्या कडेला, ग्रामपंचायतीला विचारून, एक मीटर लांबी-रुंदीचे दोन चौकोन आखावेत. एकाला काट्यांचे कुंपण घालावे, दुसरा गुरांसाठी मोकळा ठेवावा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याला दोन्हींत वनस्पतींच्या किती जाती आहेत, गवताची उंची किती, उघडी जमीन किती, हे मुलांनी वहीत लिहावे. सुरुवातीलाच प्रत्येकाने आपला अंदाज लिहून ठेवावा. आणि त्या जागी गुरे चारणाऱ्या माणसालाही त्याचा अंदाज विचारून तोही त्याच वहीत, मुलांच्या अंदाजाशेजारी, लिहावा. फेब्रुवारीत वही उघडली की कोणाचा अंदाज किती जवळ होता, ते मुलांना स्वतःच दिसेल.